हळदीच्या दिवसांतलं हाड

हळदीच्या दिवसांत आमच्या गावात माणसं मोठ्यानं बोलत. त्याला कारण ढोल. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ढोलात घालून ट्रॅक्टरवर फिरवत, म्हणजे तिची साल निघे आणि ती बाजारात न्यायजोगी चकचकीत होई. हे ढोल ऊन वर आलं की सुरू होत, ते दिवस मावळेपर्यंत. एका खळ्यावरचा थांबला तर दुसऱ्यावरचा चालू असे. जेवताना, अभ्यास करताना, लेकरांना निजवताना पाठीमागे ती खडखड असायचीच. ढोलातून उडणारी पिवळी धूळ शिरड शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत पसरे. दोरीवर वाळत घातलेले बाबांचे पांढरे सदरे संध्याकाळी काढताना आई झटकून झटकून घ्यायची, तरी ते पिवळसरच राहत. आणि खळ्यावर कामाला जाणाऱ्या बायांचे हात मनगटापर्यंत पिवळे असत. नवरीचे हात दोन दिवसांत उजळतात. या बायांचे पाडवा उलटल्यावर कुठं मूळ रंगावर येत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते याच दिवसांत होऊ शकत होतं. पावसाळ्यात ते हाड आलं असतं, तर आलं तसं गेलं असतं.

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला रोज बसते आणि चार-सहा ओळींपुढं सरकत नाही. माझेही केस कानांशी पांढरे झालेत, मीही पुष्कळ वर्षं मुलांना शिकवलं. पण बाबा म्हटलं की मला ते फळ्यापुढं उभे असलेले दिसत नाहीत. ते दिसतात शाळेच्या मैदानावर, कमरेत वाकून, हातात फक्कीचं घमेलं घेऊन. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची पूड. ती चिमटीनं सोडत ते मागं मागं सरकतायत आणि एका प्रचंड जनावराची आकृती जमिनीवर उमटतेय. शेपूट बोअरवेलजवळ, पाय ध्वजस्तंभाच्या दोन बाजूंना, आणि मान इतकी लांब की ती फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. रस्त्यानं जाणारा एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, "गुर्जी, मुंडकं कुठं काढनार? आमच्या शेतातल्या आखाड्यावर का?"

बाबा गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवत. शाळेत ते खिल्लारे सर आणि गावात गुरुजी. मी त्यांच्याच शाळेत दहावीला होते. आई अंगणवाडीत होती. आमचं घर बौद्धवस्तीच्या कडेला, दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. मागच्या दारात उभं राहिलं की उतारावरचं सगळं गाव दिसे: माळवदं, पत्रे, देवळाचं शिखर आणि खळ्यांवरून उठणारा हळदीच्या कढयांचा धूर. घरात पुस्तकं भांड्यांपेक्षा जास्त होती, असं आई म्हणायची, आणि त्यात कौतुक किती नि तक्रार किती हे मला आजवर कळलेलं नाही.

बाबांसोबत कॉलेजात शिकलेल्या वानखेडे मॅडम पुढं विदर्भात भूगर्भशास्त्र शिकवू लागल्या. त्यांच्या कॉलेजात एक लहानसं संग्रहालय होतं, आणि त्यात चंद्रपूरकडच्या मातीत सापडलेलं डायनासोरच्या मांडीच्या हाडाचं टोक. बाबा किती तरी वर्षं त्यांच्या मागं लागले होते. आमच्या पोरांनी हे चित्रात बघायचं आणि चित्रातच विसरायचं का, असं ते म्हणत. शेवटी मॅडमनी वरच्यांची परवानगी काढली आणि थंडी सरता सरता एका जीपमधून ते हाड आमच्या गावात आलं. लाकडी पेटीत गवत, गवतावर कापसाची गादी, गादीवर ते. दोघांनी उचलावं लागे. रंग भाजलेल्या विटेसारखा, वर बारीक छिद्रं, आणि मध्ये दोन भेगा होत्या, त्या कसल्याशा डिंकानं भरलेल्या. मॅडम बाबांना म्हणाल्या, "हे बघ, याला पाणी लागू देऊ नकोस. ओलं झालं की आतली माती फुगते आणि भेगा उघडतात. मग हातात चुरा येईल. माझी सही आहे यावर." बाबा म्हणाले, "माझी पण आहे." मॅडमनी दोन पाट्या काढून दिल्या. एकीवर ठळक अक्षरांत हाडाची माहिती होती. दुसरीवर तीनच शब्द होते: हात लावू नये.

शाळेच्या एका खोलीत टेबलावर हाड मांडून पहिली पाटी बाबांनी त्याच्या वर भिंतीला लावली. दुसरी लावली नाही. त्या रात्रीच्या जेवणात ओल्या हरभऱ्याची आमटी होती. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "ती दुसरी पाटी काहून लावली न्हाई?"

"ठेवलीय ड्रॉवरात."

"मॅडमनं दिली ना ती?"

बाबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरला. म्हणाले, "लोकांच्या डोळ्यासमोर असं लिहून टांगनं माझ्याच्यानं होत न्हाई."

आईनं त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली. माझे आजोबा लहानपणी गावच्या आडावर ओंजळ पसरून उभे राहत आणि कुणी तरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबत, हे बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी हट्ट केला म्हणून. आज मी संग्रहालयांत जाते, काचेवर तेच तीन शब्द वाचते, ते तिथं असणं बरोबर आहे हेही मला कळतं. बाबांनाही कळत होतं. त्यांनी मुलांना नियम घातला: दोन बोटं, हळूच, दाबायचं नाही.

हाड तीन दिवसांसाठी आलं होतं, त्यातले पहिले दोन दिवस शाळांचे होते. टेम्पो भरभरून मुलं आली, काही तर लांबच्या हट्टा गावाहून. हाडाजवळ उभं राहून माहिती सांगायचं काम माझं. पाठ केलेलं मला अजून येतं: "हे डायनासोरच्या मांडीचं हाड आहे. कोट्यवधी वर्षं मातीत राहून त्याचा दगड झाला आहे. अशा अवशेषाला जीवाश्म म्हणतात." माझा आवाज मुळातच बारीक, त्यात बाहेर ढोल. बाबा दारातून म्हणत, "सुजाता, मागच्या भिंतीपर्यंत." मी पुढच्या रांगेपर्यंतच पोचत असे. मुलांना त्याचं काही नव्हतं. ती दोन बोटं लावून बोटांकडेच बघत राहत. एकानं विचारलं, "ताई, हे काय खायचं?" मी म्हटलं, झाडपाला. तर त्याच्या शेजारचा म्हणाला, "हळद खाल्ली असती का यानं?" आणि तिसरा म्हणाला, "हळदीला रानडुकरं बी तोंड लावत न्हाईत, हा कशाला लावतोय." मग सगळी बाहेर पळाली आणि फक्कीच्या आकृतीत जाऊन बसली. पोटात पन्नासेक मावली. उरलेली शेपटीवर बसून डबे खात होती. बाबा व्हरांड्यात हाताची घडी घालून हे बघत होते. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी फार थोड्या वेळा पाहिला.

तिसरा दिवस गावासाठी ठेवला होता. दुपारी खळ्यांवर जेवणाची सुट्टी झाली आणि बाया थेट शाळेत आल्या. डोक्याची फडकी तशीच, पापण्यांवर पिवळी धूळ. शाळेच्या त्या खोलीत त्यांतल्या किती तरी जणी पहिल्यांदाच येत होत्या. दोन बोटांचा नियम मी सांगितला, पण मोठ्या माणसांना नियम सांगताना माझा आवाज आणखी खाली गेला. त्यांनी तळहात टेकवला. कुणी त्यावरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. एक म्हणाली, "थंड हाय गं." दुसरी म्हणाली, "तुझ्या सासूसारखं." हसत हसत त्या गेल्या, नंतर दुसऱ्या खळ्यावरच्या आल्या. गर्दी जरा हटली तेव्हा माझं लक्ष गेलं. विटेसारखं ते हाड पिवळं झालं होतं. सगळ्या छिद्रांत हळद बसली होती.

बाबांनी कोरडा ब्रश आणला. वरची पूड निघाली, आतला रंग निघेना. ते ब्रश धरून वाकलेले असतानाच धुरपताआजी आत आल्या. गावातल्या जुन्या घरची ही म्हातारी, नवरा आणि कर्ता मुलगा दोघं गेलेले, तरी रोज खळ्यावर जाऊन हळदीचे गाठे, म्हणजे जाड गड्डे, निवडणारी. ढोलाशेजारी उभा जन्म गेल्यानं कानांनी अधू. त्यांनी हाडाकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, कमरेची पिशवी सोडली, देवाला वाहायला ठेवलेलं डबीतलं कुंकू चिमटीत घेतलं आणि हळदीवर लावलं. मग हात जोडले. सगळं इतकं सहज झालं की मला आधी त्यात वावगं काही दिसलंच नाही. हळद लागलेला दगड दिसला की त्यावर कुंकू जायचं, हे आमच्याकडच्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही.

बाबा सरळ उभे राहिले. त्यांच्या हातातला ब्रश खाली गेला. हळद झाडणं वेगळं होतं. चार बायांच्या समोर त्यांनी, खिल्लारे गुरुजींनी, कुंकू पुसणं वेगळं. ते म्हणाले, "आजी, हा देव न्हाई." आजींनी मान डोलावली, ऐकू न येणारी माणसं डोलावतात तशी, आणि त्या गेल्या. त्यांच्या मागून आलेल्या बाईनं कुंकू पाहून कुंकू लावलं. तिच्यानंतरचीनं झेंडूचं फूल ठेवलं. ढोल बंद व्हायच्या वेळेला खोलीच्या उंबऱ्यावर नारळ फुटला.

नारळ फोडणारे माणिकराव होते. शाळा कमिटीचे अध्यक्ष, मोठे जमीनदार, बोलायला कधी वाईट नाहीत. चपला बाहेर काढून ते आत आले. "गुरुजी, तुमी गावात देव आनला अन् आमाला सांगितलं बी न्हाई."

बाबांनी त्यांना समजावलं. जीवाश्म म्हणजे काय, हे कुणाचं आहे, उद्या परत जायचंय. माणिकराव शांतपणे ऐकत होते. "व्हय, व्हय," ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पन आता पूजा झाली ना. पुजलेलं हलवता येत न्हाई. उद्या धा वाजता लिंबाखाली बसवू, दुधाचा अभिषेक करू. तुमचा बी सत्कार करू." आणि त्यांनी दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांकडं हात पुढं केला. मुख्याध्यापकांनी बाबांकडं न बघता खोलीची किल्ली त्या हातावर ठेवली.

त्या संध्याकाळी बाबा पाण्याच्या टाकीशी गेले, कारण मोबाइलला रेंज तिथंच यायची. परत येऊन ओट्यावर बसले. मॅडम पहाटे निघून सकाळी पोचणार होत्या. "दूध ओतलं तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "दूध म्हंजे पानीच. वर आणखी धुतील. दुपारपर्यंत त्याचा चिखल व्हईल." मॅडमच्या नोकरीचं काय होईल, ते बोलले नाहीत. लिंबाखाली पोरं विटा रचत होती, त्याचे आवाज घरापर्यंत येत होते.

आई चुलीपुढं होती. तिनं वळूनही न बघता विचारलं, "उद्या काय सांगनार त्यांना?"

"काय सांगू?"

"दगड म्हनलात तर ते हितंच ऱ्हाईल. दगडाचाच देव असतोय. अन् हाड म्हनलात..." ती थांबली. तवा उतरवला. "आपल्या आज्यानं ह्या गावाची मेलेली ढोरं ओढली. त्याच्या नातवानं जनावराचं हाड आनून सगळ्या गावाला शिवायला लावलं, बायकांना त्याच्या पाया पडायला लावलं, असं म्हनतील. मग आपल्याला ऱ्हाऊ देतील का हितं?"

"दोन्ही खरंच हाय," बाबा म्हणाले. "दगड बी हाय अन् हाड बी."

दोन दिवस मी जे घडाघडा म्हणत होते त्याची ही दोन टोकं आहेत, हे मला तेव्हा कळलं. एक टोक धरलं की ते हाड जात होतं, दुसरं धरलं की आम्ही. आईनं ताटं वाढली. कुणी नीट जेवलं नाही. बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "सकाळी बघू," आणि ताटात हात धुतला.

सकाळी शाळेकडं जाताना काही तरी चुकल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की ढोल बंद आहेत. सगळ्या खळ्यांवरचे. माणसं शाळेत होती. मैदान भरलेलं, फक्कीची आकृती पायांखाली पुसून गेलेली. लिंबाखाली बसवण्याआधी धुवायला म्हणून हाड खोलीतून काढून व्हरांड्यात आणून ठेवलं होतं, एका पाटावर. कुंकवावर आता बुक्का, गुलाल, हार. शेजारी दुधाची दोन कॅनं आणि पाण्याचा हंडा. त्याच्यामागच्या भिंतीला कुणी तरी माहितीची पाटीही आणून टेकवली होती, शोभेला असावी तशी. मॅडमची जीप फाटकाशी उभी होती, भोवती पोरं. मॅडम उतरल्या आणि गर्दीतून येऊन बाबांच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी हाडाकडं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"माणिकराव," बाबा म्हणाले, "हे मी माझ्या जबाबदारीवर आणलंय. ते परत न्यायला मॅडम आल्यात."

"जबाबदारी गाव घेईल, गुरुजी. ताईंना आमी लिहून देतो."

"लिहून देऊन हे परत बनत न्हाई. पानी लागलं तर तुटंल."

"देव तुटत न्हाई," मागून एक तरुण पोरगा म्हणाला. दोघं-तिघं हसले. माणिकराव हसले नाहीत. त्यांनी आभाळाकडं बघितलं, जणू किती वाजले ते तिथं लिहिलंय, आणि हंड्याजवळच्या माणसाला मानेनं खूण केली. त्यानं तांब्या बुडवला.

तेवढ्यात बायांतून धुरपताआजी पुढं आल्या. त्यांना पुढं यायला कुणी अडवत नसे. त्या व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या आणि माझ्याकडं बोट केलं.

"ए पोरी. तू त्या टेबलापाशी उभी राहून बोलून राहिली होतीस. मला वाटलं, देवाचंच काही सांगत असंल. ढोलानं माझे कान गेले. काय हाय गं हे? मोठ्यानं सांग."

सगळे माझ्याकडं बघू लागले. तांब्या धरलेला माणूसही. मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी एखादी खूण केली असती, भुवई हलवली असती, तर मी त्याप्रमाणं बोलले असते. ते माझ्याकडं बघतच नव्हते. हाडाकडं बघत होते. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा वर का पाहिलं नाही. ते म्हणाले, पाहिलं असतं तर ते माझं उत्तर झालं असतं, आणि मला माझंच ठरत नव्हतं.

"हाड हाय, आजी," मी म्हटलं.

"आँ?"

"हाड. मेलेल्या जनावराचं हाड."

या वेळी माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला.  मग पुढच्या बायांनी आपापले हात पाहिले. एकीनं ते लुगड्याला पुसले. मागं कुजबुज सुरू झाली आणि ती पुढं येता येता मोठी झाली. "हाडाच्या पाया पडायला लावलं?" "लेकराबाळांना शिवायला लावलं." "मुद्दाम केलं, मुद्दाम. दुसरं कोन करनार." मघाचा तो तरुण पोरगा दोन पायऱ्या एकदम चढला आणि त्यानं बाबांच्या सदऱ्याला छातीशी हात घातला. वरचं बटण तुटून फरशीवर पडलं. बाबांनी हात वर केला नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, अहो," आणि त्यांचा आवाज मध्येच गेला. मुख्याध्यापक खांबामागं होते.

"सोड त्येला," धुरपताआजी म्हणाल्या.

त्यानं सोडलं नाही.

"सोड म्हनते ना. कुंकू त्यानं लावलं का म्या लावलं?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तो बिचारा देव न्हाई, देव न्हाई म्हनत व्हता, त्याचे ओठ दिसले मला. म्या कोनाला इचारलं न्हाई. अन् तुमी? म्हातारीनं हात जोडले की तुमी जोडले. काल दगड म्हनून जोडले, आज हाड म्हनून धावून राहिले. माणिक, तू तर नारळ फोडलास. तुला तर वाचता येतंय. ती पाटी काय म्हनती?"

माणिकरावांनी भिंतीला टेकवलेल्या पाटीकडं पाहिलं. काल संध्याकाळी ते तिच्यासमोर हात जोडून उभे होते. त्यांनी ती आता वाचली. ओठ हलताना दिसले. गर्दीत कुणी तरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"हाडच लिवलंय ना?"

"व्हय, काकू."

"मग? मेलेल्याचं हाड हाय. माझ्या लेकाची म्या माझ्या हातानं वेचली, मला काय विटाळ झाला न्हाई. पन ती वेचून घरात मांडून न्हाई ठेवली, त्याला दूध न्हाई पाजलं. ज्यांचं हाय त्यांना नेऊ द्या."

माणिकरावांनी पाटीवरची नजर काढली. मग त्या पोराकडं न बघता म्हणाले, "बाळू, खाली उतर." तो उतरला. बाबांच्या सदऱ्यावर त्याच्या मुठीचा चुरगळा तसाच होता. "न्या, गुरुजी," माणिकराव म्हणाले. "अन् परत असलं काही आनू नका गावात." हंड्याजवळच्या माणसानं तांब्यातलं पाणी परत हंड्यात ओतलं.

धुरपताआजींनी हार काढला आणि पदराच्या टोकानं कुंकू, गुलाल पुसून घेतला. मॅडम घाईनं म्हणाल्या, "ओला हात नको, आजी," आणि आजींनी ते न ऐकताच पुसत आणलं. वरचा लाल निघाला. आतला पिवळा राहिला.

पेटी जीपमध्ये होती. हाड तिथवर न्यायचं होतं. ते पाटावर ठेवायला सकाळी किती तरी हात लागले असतील. आता एकही पुढं येईना. शिपाई बोअरवेलकडं बघत होता. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्हीच जरा..." जीपचा ड्रायव्हर गाडीजवळून हलायला तयार नव्हता, त्याच्या टायरांपाशी पोरं बसली होती. बाबांनी एका बाजूला हात घातला. दुसऱ्या बाजूला मी. ते इतकं मोठं होतं की मला चालताना खालचं दिसत नव्हतं. मी बाबांच्या खांद्यांकडं बघून पाय टाकत होते. आम्हाला वाट मागावी लागली नाही. गर्दी आपोआप दोन्हीकडं सरकली. बायांनी पदर आवळून घेतले, बापांनी लेकरांना मागं ओढलं. काल ज्याला तळहात लावायला रांग होती, त्याच्यापासून हातभर अंतर राखून सगळं गाव उभं होतं. आणि आमच्यापासूनही. मी त्या वाटेनं चालले तेव्हा मला माझे आजोबा कळले, बाबांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. बाबांची मान ताठ होती. फाटकापर्यंत त्यांनी एकदाही इकडं-तिकडं पाहिलं नाही.

हाड गादीवर ठेवलं. मॅडमनी वरून कापूस पसरला, झाकण लावलं आणि बाबांचा हात एकदा घट्ट धरून सोडला. जीप गेली. बाबांनी सदऱ्याचा उघडा राहिलेला गळा हातानं धरला आणि आम्ही घरी आलो.

आई मागच्या दारात उभी होती. तिला सगळं कळलेलं होतं. वस्तीतल्या पोरांनी पळत येऊन सांगितलं होतं. तिनं बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बटणाच्या जागी बोट लावून पाहिलं आणि काही न विचारता पाणी दिलं. बाबा उंबऱ्यात बसले. समोर उतारावर गाव होतं. ढोल अजून सुरू झाले नव्हते, पण घराघरांच्या मागून धूर निघत होता. तो हळदीच्या कढयांचा नव्हता. कढया खळ्यांवर असत आणि त्यांचा धूर जाड, पांढरा. हा पातळ होता, न्हाणीच्या चुलींचा, आणि एका घरातून नव्हे, ओळीनं सगळ्या घरांतून. कामाच्या ऐन वेळेला.

"सगळं गाव न्हाऊन राहिलं," आई म्हणाली.

बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "धुरपताआजी?"

"ती कुठली न्हाते. खळ्यावर गेली परत. म्हनली, हळद पडलीय, आंघोळीचं सांजच्याला बघू."

बाबांनी मान हलवली. आई त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "तुमच्यासाठी बी ठेवू का पानी?"

बाबा हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग त्यांना थांबताच येईना. त्यांनी तळहातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलत राहिले. नंतर नंतर ते हसणं आहे की दुसरं काही, हे मला मागून सांगता आलं नसतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आई आत गेली, आणि थोड्याच वेळात आमच्याही घरामागून धूर निघू लागला.